‘मयत’ ही नोंद

२०११ साली मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये सिस्टिम सांभाळायचो. हुद्दा मोठा नव्हता. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला हाक, आणि डायलर बंद पडला तरी मलाच हाक. आमच्या फ्लोअरवर चाळीस-बेचाळीस मुलं-मुली बसायची. कर्जाचा हप्ता थकलेल्या लोकांना फोन करून आठवण द्यायची, हे त्यांचं काम. फोन मराठीतच व्हायचे, कारण यादी सातारा, सांगली, सोलापूरकडची असायची.

एका दुपारी टीम लीडरने मला बोलावलं आणि स्वतःचा हेडसेट माझ्या कानाला लावला. “हे ऐक जरा,” म्हणाली. आदल्या दिवशीच्या एका कॉलचं रेकॉर्डिंग होतं. पलीकडे एक वयस्क बाई.

“आगं बाळा, मी तिसऱ्यांदा सांगतीया. आमचे हे गेले. दिवाळीच्या आधी गेले. ती आधीची पोरगी म्हणाली हुती, लिहून घेते काकू. तिच्या आधीची बी म्हणाली हुती. तुमी लिहून घेता, ते जातंय कुठं?”

आमची मुलगी गडबडली. “सॉरी काकू, मी आत्ता लिहून घेते,” म्हणाली.

कोणी चिडून शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. पण त्या बाईंनी प्रश्न विचारला होता, आणि फ्लोअरवर त्याचं उत्तर देऊ शकेल असा मी एकटाच होतो. मला ते देता येईना. ते लिहिलेलं जातं कुठं? हे शोधायला मला काही महिने लागले, आणि शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

तिकिटावर लिहिलेलं

माझी मावशी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. आज तुमच्या हातातल्या फोनवरून जगात कुठेही बोलता येतं, त्यामुळे हे थोडं समजावून सांगावं लागेल. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच सुरू झालं. पण एका गावातून दुसऱ्या गावाला थेट नंबर फिरवण्याची सोय देशात पहिल्यांदा १९६० साली, लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये झाली. तोवर, आणि पुढेही कित्येक वर्षं बहुतेक गावांसाठी, परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, नंबरवर कोणीही चालेल की ठरावीक माणूसच हवा, हे सगळं ऑपरेटरला सांगायचं आणि वाट बघत बसायचं.

ऑपरेटर ते एका छापील तिकिटावर लिहून घ्यायची. कोणाकडून, कोणाला, किती वाजता, किती मिनिटं. मावशी सांगायची, त्या तिकिटावर खाडाखोड केलेली चालत नसे. चूक झाली तर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. कारण बिल त्या तिकिटावरून निघायचं, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की पुरावा म्हणूनही तेच तिकीट निघायचं.

फोनवर बोललेलं हवेत विरून जातं. ते टिकतं ते कोणीतरी लिहून घेतलं म्हणून. लिहून घेणाऱ्यावर विश्वास नसेल तर सगळी यंत्रणा कोसळते. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. त्याच्या धंद्याचे फोन ऑपरेटर दुसऱ्याच दुकानाला जोडून देते, असा त्याला संशय आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कितपत खरी ते असो. ऑपरेटरविना फोन जोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचं पेटंट मात्र त्याने १८९१ साली मिळवलं. मधला माणूस काढला की प्रश्न संपेल, असं त्याला वाटलं असणार. आमच्याकडे तर लिहून घेणारी माणसं प्रामाणिक होती. तरीही लिहिलेलं गेलं होतं.

आठ माणसं आणि एक फिरतं चक्र

कॉल सेंटर म्हणजे हेडसेट, क्युबिकल आणि रात्रपाळी, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण फोन आणि नोंदवही एकत्र आली की कॉल सेंटरचा जन्म होतो, आणि असं ठळकपणे पहिल्यांदा झालं ते विमानाच्या तिकिटांच्या धंद्यात.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन एअरलाइन्सचं आरक्षण लिटल रॉक शहरातल्या एका केंद्रात कसं चालायचं, ते वाचून मी थक्क झालो. मधोमध एक गोल फिरतं चक्र, त्यात प्रत्येक उड्डाणाचं एक कार्ड. चक्राभोवती आठ माणसं. फोनवर विनंती आली की एकाने चक्र फिरवायचं, कार्ड शोधायचं, जागा असेल तर कार्डाच्या कडेला खूण करायची. एक आरक्षण पूर्ण व्हायला सरासरी नव्वद मिनिटं लागायची. आठपेक्षा जास्त माणसं नेमता येत नव्हती, कारण चक्राभोवती तेवढीच मावत होती.

गंमत वाटते, पण अडचण खरी होती. कार्ड एकच आहे, हात अनेक आहेत. एकाने कार्ड बघितलं, “जागा आहे” म्हणून सांगितलं, आणि खूण करायच्या आत दुसऱ्याने तीच जागा विकली, तर? विमानतळावर दोन माणसं एकाच खुर्चीपुढे उभी राहणार.

१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या शेजारी आयबीएमचा एक विक्री अधिकारी बसला होता. त्याचंही आडनाव स्मिथ. त्या गप्पांतून पुढे ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली उभी राहिली आणि १९६४पर्यंत ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. फोन घेणाऱ्या मुलींपुढे आता कार्डांऐवजी टर्मिनल आलं. १९७३ साली कॉन्टिनेन्टल एअरलाइन्ससाठी रॉकवेल कंपनीने ‘गॅलॅक्सी’ हे यंत्र दिलं. आलेला फोन मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे ते आपोआप पाठवायचं. आज आपण ज्याला कॉल सेंटर म्हणतो, त्याचा साचा तेव्हा तयार झाला.

आपल्याकडे हीच अडचण रेल्वेच्या आरक्षणाची होती. १९८६ साली नवी दिल्लीत संगणकावरचं आरक्षण सुरू झालं. त्याआधी प्रत्येक गाडीचं रजिस्टर एकाच खिडकीपाशी असायचं, म्हणून त्या गाडीची रांगही त्याच खिडकीपाशी लागायची. रजिस्टर एकच ठेवणं हा गोंधळ टाळायचा जुना आणि खात्रीचा उपाय होता.

आमच्याकडे नेमकं हेच उलटं झालं होतं.

दुसऱ्या फोनचं कारण

रेकॉर्डिंग ऐकल्यावर मी त्या बाईंच्या पतींचा कर्जखाते क्रमांक घेऊन डेटाबेसमध्ये शोध घेतला. एक ओळ यायला हवी होती. दोन आल्या.

पहिल्या ओळीपुढे ‘मयत’ असा शेरा होता. पहिल्या मुलीने तो बरोबर टाकला होता. पण दर महिन्याच्या एक तारखेला कर्ज देणाऱ्या कंपनीकडून नवी एक्सेल फाइल यायची आणि ती आम्ही जशीच्या तशी यादीत चढवायचो. त्या फाइलमध्ये ते गृहस्थ जिवंतच होते. सॉफ्टवेअरने त्यांच्यासाठी नवी ओळ तयार केली, नवा क्रमांक दिला, शेऱ्याच्या जागी ‘नवीन’ लिहिलं. डायलरने नवा माणूस समजून फोन लावला. शेरा कुठेही गेला नव्हता. तो ओळीला चिकटला होता, माणसाला नाही.

हा दोष जगात कोणी पहिल्यांदा ओळखला म्हणून वाचायला बसलो, तेव्हा एडगर कॉड हे नाव समोर आलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला हा गणितज्ञ आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७०मध्ये त्याचा एक निबंध छापून आला. माहिती कशी साठवावी याबद्दलचा. सगळी माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, प्रत्येक ओळीला तिची निःसंशय ओळख असू द्या, आणि एका तक्त्यातून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं ते त्या ओळखीनेच दाखवा. ‘प्रायमरी की’ आणि ‘फॉरेन की’ हे शब्द तिथे आहेत.

त्याच निबंधात पुनरुक्ती आणि सुसंगती यांवर एक अख्खा भाग आहे. त्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी त्या दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या सापडतील.

आमच्याकडे त्या सापडल्याच होत्या. एका ओळीत माणूस गेलेला, दुसऱ्या ओळीत त्याचा हप्ता थकलेला. दोन्ही ओळी स्वतंत्रपणे वाचल्या तर त्यांत चूक काहीच नव्हती.

तिसऱ्या फोनचं कारण

तिसरा फोन का गेला हे शोधायला जास्त वेळ लागला, कारण त्यात माझा हात होता.

दुसऱ्या फोनवरच्या मुलीनेही ‘मयत’ हाच शेरा निवडून बटण दाबलं होतं. ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर दोन ठिकाणी लिहायचं. आधी कॉलच्या नोंदवहीत, की अमुक वाजता फोन झाला, निकाल ‘मयत’. मग मुख्य यादीत, की या नंबरला पुन्हा फोन करू नये. या दोन लिखाणांमध्ये सेकंदाचाही अंतर नसे. पण त्या संध्याकाळी नेमक्या त्याच क्षणी लाइट गेली, आणि यूपीएसने मान टाकली.

मला ती संध्याकाळ चांगली आठवते. सर्व्हर पुन्हा चालू केला तर मुख्य यादीचं टेबल ‘क्रॅश’ झालेलं. मी दुरुस्तीची आज्ञा दिली. दहा मिनिटांनी पडद्यावर ‘ओके’ आलं. मग नेहमीची एक क्वेरी चालवली. लाइट गेली तेव्हा ज्यांच्याशी बोलणं चालू होतं, त्यांच्या ओळी ‘कॉल चालू’ अशा अवस्थेत अडकून राहायच्या. त्या सगळ्या पुन्हा ‘नवीन’ करून टाकायच्या, म्हणजे डायलर त्यांना परत फोन लावेल. ४१ ओळी बदलल्या. मी टीम लीडरला म्हणालो, “झालं, सगळं ठीक आहे,” आणि खाली जाऊन चहा प्यायलो.

त्या ४१पैकी एक ओळ त्यांची होती. नोंदवहीत ‘मयत’ पोहोचलं होतं. यादीत पोहोचलं नव्हतं. आणि जे अर्धवट राहिलं होतं, ते मी माझ्या हाताने ‘नवीन’ केलं होतं. दुरुस्तीच्या आज्ञेला फाइल वाचण्याजोगी आहे की नाही एवढंच कळतं. आत लिहिलेलं खरं आहे का, हे तिला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं.

अर्धवट लिखाणाच्या या दुखण्यावर ज्याने सर्वांत खोलवर विचार केला, तो माणूस म्हणजे जिम ग्रे. १९७०च्या दशकात तोही सॅन होजेला आयबीएममध्येच होता. १९७६ साली कपाली ईश्वरन, रेमंड लोरी आणि आयर्विंग ट्रेगर यांच्यासोबत त्याने एक निबंध लिहिला. अनेक हात एकाच वेळी एकाच नोंदीला लागले तर कुलूप कधी लावायचं आणि कधी काढायचं, याचे नियम त्यात आहेत. लिटल रॉकच्या त्या चक्राभोवती बसलेल्या आठ माणसांना हवे होते तेच नियम.

१९८१ साली त्याने ‘ट्रान्झॅक्शन’ या कल्पनेवर लिहिलं. समजावून सांगायला त्याने ख्रिस्ती लग्नाचं उदाहरण घेतलं. पाद्री वराला विचारतो, वधूला विचारतो, दोघेही हो म्हणाले तरच लग्न लागल्याचं जाहीर करतो. एकजण जरी नाही म्हणाला तरी काहीच घडलेलं नसतं. आपल्याकडचं उदाहरण याहून नेमकं आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की जिथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. साडेसहा पावलांचं लग्न कायद्याला ठाऊक नाही.

डेटाबेसनेही तसंच वागायला हवं. दोन्ही ठिकाणी लिहिलं गेलं, नाहीतर कुठेच लिहिलं गेलं नाही.

पण मधेच लाइट गेली तर मशीनला कसं कळणार, किती पावलं पडली ते? याचं उत्तर आपल्या दुकानदारांना संगणक यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. आधी रोजकीर्द, मग खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचं आणि तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचं. खातेवही भिजली, फाटली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. पेशव्यांच्या दप्तरातल्या रोजकीर्दी पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेटाबेसला हीच शिस्त लावली. काय बदलणार आहोत ते आधी लॉगमध्ये पक्कं लिहा, मग मूळ नोंदीला हात लावा. लाइट परत आली की लॉग वाचायचा, पूर्ण झालेलं पुढे न्यायचं, अर्धवट राहिलेलं मागे घ्यायचं.

१९८३ साली थिओ हेर्डर आणि आन्द्रेआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी या गुणांची आद्याक्षरं जुळवून ‘ॲसिड’ असा शब्द केला. ॲटॉमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी. म्हणजे व्यवहार पुरा होईल किंवा होणारच नाही, नियम मोडले जाणार नाहीत, दोघांचे हात एकमेकांत अडकणार नाहीत, आणि एकदा ‘झालं’ म्हटलं की ते झालेलंच राहील. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो. मीही परीक्षेत तो लिहिला होता आणि गुण मिळवले होते.

मग आमच्याकडे ते का नव्हतं?

औषध १९८३ सालीच तयार होतं, तर २०११ साली पुण्यात आम्ही आजारी का?

कारण ते महाग होतं. ज्या डेटाबेसमध्ये हे सगळं होतं त्याचे परवाने बँका आणि विमान कंपन्यांनाच परवडत. १९९५ साली मायएसक्यूएल आला. मॉन्टी वायडेनियस या फिनलंडच्या प्रोग्रामरने त्याला आपल्या ‘मी’ या मुलीचं नाव दिलं. तो मोफत होता, वेगवान होता. हा वेग मिळवताना ट्रान्झॅक्शन आणि फॉरेन की यांना सुरुवातीला फाटा दिला होता. त्या काळातल्या त्याच्या माहितीपुस्तिकेत फॉरेन की का वापरू नये याची कारणंसुद्धा दिलेली होती. १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने आपल्या छोट्या कंपनीला टेलिफोनची महागडी यंत्रणा परवडेना म्हणून ‘ॲस्टेरिस्क’ लिहायला घेतलं. साध्या संगणकाचं टेलिफोन एक्स्चेंज करणारं हे सॉफ्टवेअरही मोफत.

हे दोन्ही एकत्र आले आणि कोणालाही कॉल सेंटर थाटता येऊ लागलं. पुण्यात एखाद्या इमारतीचा एक मजला भाड्याने घ्यायचा, शंभर हेडसेट आणायचे, की झालं. माझ्यासारख्या कितीतरी मुलांची पहिली नोकरी या मोफत सॉफ्टवेअरने उभी केली, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. मायएसक्यूएलमध्येही पुढे हेल्सिंकीच्या हाइक्की टुरीने लिहिलेलं ‘इनोडीबी’ हे इंजिन आलं, ॲसिडचे चारही गुण घेऊन. २०१०च्या शेवटी आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून नव्या टेबलांसाठी तेच गृहीत धरलं जाऊ लागलं. आमची टेबलं मात्र जुन्या मायआयसॅमवरच होती. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

तीन रविवार

मी हात लावला. पहिल्यांदा कर्जखाते क्रमांकावर ‘युनिक’ असा निर्बंध घालायला गेलो, म्हणजे एका खात्याची एकच ओळ राहील. डेटाबेसने साफ नकार दिला, कारण आधीच हजारो ओळी दुहेरी होत्या. त्या एकत्र करायला माझे तीन रविवार गेले. नियम एकच ठेवला: जुन्या-नव्या कुठल्याही ओळीत ‘मयत’ असेल, तर एकत्र केलेली ओळ ‘मयत’. मग टेबलं इनोडीबीवर नेली आणि शेऱ्याची दोन्ही लिखाणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली. दर महिन्याची फाइल आता नवी ओळ करत नव्हती, जुन्या ओळीतली थकबाकी तेवढी बदलायची. शेवटी एक क्वेरी लिहिली. नोंदवही एक सांगते आणि यादी दुसरं, अशी खाती ती रोज पहाटे शोधून काढायची.

सोमवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. यादी एकदम लहान झाली होती. “डेटा कुठे गेला?” ते म्हणाले. कमी ओळी म्हणजे कमी फोन, कमी फोन म्हणजे कमी बिल. मी म्हणालो, “सर, डेटा गेला नाही. एकाच माणसाला आपण तीन माणसं समजत होतो.” त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण त्यांनीही रेकॉर्डिंग ऐकलं, आणि ओळी परत आणायला मला कोणी सांगितलं नाही.

२०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. ज्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय घेतले जाणार आहेत ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असावी, अशी जबाबदारी तो कंपन्यांवर टाकतो. ते तीन शब्द वाचताना मला कॉड आठवला आणि ग्रेही आठवला. २००७च्या जानेवारीत ग्रे आपल्या आईच्या अस्थी समुद्रात सोडायला एकटाच शिडाच्या बोटीतून सॅन फ्रान्सिस्कोबाहेर गेला आणि परत आला नाही. उपग्रहांच्या छायाचित्रांमधून हजारो लोकांनी त्याला शोधलं. काही सापडलं नाही.

ते रेकॉर्डिंग ज्या मुलीचं होतं तिला त्या बाईंची माफी मागायची होती. तिने टीम लीडरला विचारलं, “मॅम, एकदा लावू का त्यांना? फक्त सॉरी म्हणते.”

टीम लीडर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नको गं. तो चौथा फोन होईल.”

तो फोन गेला नाही. मी नोकरी सोडेपर्यंत त्या खात्याची ओळ रोज सकाळी एकदा बघायचो. ती एकच होती, आणि तिच्यापुढे ‘मयत’ लिहिलेलं होतं.